अण्णांच्या पोटाचे नऊ चौकोन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मी, रमाकांत वासुदेव बेहेरे, वय वर्षे सत्तावन्न, वाणिज्य पदवीधर, रेल्वेच्या भांडार विभागात वरिष्ठ पर्यवेक्षक, राहणार लखनऊ छावणीलगतची रेल्वे वसाहत, आजपासून ही वही लिहीत आहे. प्रयोजन एकच — माझे सासरे श्री. पंढरीनाथ ऊर्फ अण्णा, वय ब्याऐंशी, निवृत्त पोस्टमास्तर, वाई, यांच्या पोटात नेमके कोठे आणि काय दुखते याची लेखी नोंद ठेवणे. वही माझ्या कपाटात राहील. अन्य कोणी वाचू नये.

अण्णा दिवाळीला आले ते पत्नी सुनीतीने ठेवूनच घेतले. तेव्हापासून त्यांचे जेवण निम्मे झाले आहे. मध्येच थांबतात, घास हातात राहतो, डोळे मिटतात. विचारले की ठरलेले उत्तर — "काही नाही. ठीक आहे."

चार वर्षांपूर्वी सासूबाई — माई — सहा महिने "पोटात जरा कसंतरी होतंय" एवढेच म्हणत राहिल्या. 'कसंतरी' म्हणजे काय, हे कोणी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. डॉक्टरांनी गाठ सांगितली तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

काल सुनीती म्हणाली, "अहो, अण्णांचं तसं होऊ द्यायचं नाही." मी म्हणालो, होणार नाही. भांडारात तीस वर्षे मी हेच शिकवत आलो आहे — वर्णन अपुरे असेल तर वस्तू समोर असूनही सापडत नाही.

अण्णांची अट: मराठी कळणारा डॉक्टर असेल तरच येतो. तशा एकच — डॉ. हिमानी. वडील नागपूरचे, येथील संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. त्या सध्या सुटीवर आहेत. पहिली वेळ २२ तारखेची मिळाली. हातात एकोणीस दिवस आहेत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अण्णांशी एकांतात बोललो. "शौचास नियमित होते का?" असा सरळ, सभ्य प्रश्न विचारला. त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. पत्रामागून आवाज आला — "रमाकांतराव, तुम्ही जावई आहात."

सुनीतीचे म्हणणे: "माझ्याशी बोलणार नाहीत, मी मुलगी. तुमच्याशी बोलणार नाहीत, तुम्ही जावई. मुक्ताशी तर नाहीच, ती नात."

"मग बोलणार तरी कोणाशी?"

"पोस्टाशी! तोंडाने सांगता आलं नाही की अण्णा पत्र टाकायचे. माझं लग्न ठरल्याचं मला पत्राने कळलं. त्याच घरात राहत होते मी! दुपारी पोस्टमन आला — कुमारी सुनीती यांस!"

ही गोष्ट सव्वीस वर्षांत मला प्रथमच कळली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आधी शब्द निश्चित केले पाहिजेत. आज जेवणाच्या सुटीत कागद घेऊन बसलो. अवयव सोपे आहेत — जठर, यकृत, पित्ताशय, प्लीहा, स्वादुपिंड, लहान आतडे, मोठे आतडे, आंत्रपुच्छ, मूत्रपिंड दोन, मूत्राशय एक. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. लक्षणांची मात्र अंदाधुंदी!

सायंकाळी सुनीतीला कळ, चमक आणि मुरडा यांतील भेद विचारला. ती कणीक मळत होती. "कळ येते आणि जाते. चमक येते न येते तोच जाते. मुरडा आला की तुम्हाला जावं लागतं." व्याख्या समाधानकारक! तशीच उतरवून घेतली. पुढे: जळजळ छातीकडे चढते, आग जागीच राहते. तडस म्हणजे जेवणानंतरचा ताठरपणा, गुबारा म्हणजे वारा धरणे. ढेकर तीन प्रकारचे — तृप्तीचा, आंबट, करपट. पैकी पहिला लक्षणात धरू नये. मळमळीत अन्न वर येईलसे वाटते, उमाशात प्रयत्न होतो, उलटीत येते.

लघवीविषयीचे शब्द मी स्वतःच लिहिले, सुनीतीला विचारले नाहीत. उन्हाळी लागणे, वारंवार जावे लागणे, सुरू होण्यास विलंब, धार बारीक अथवा तुटक, झाल्यावरही राहिल्यासारखे वाटणे. हा भाग एका बैठकीत पूर्ण झाला.

कार्यालयात मिश्राजींनी कागद पाहिला. म्हणाले, "बेहेरे साहब, इतने शब्द? हमारे यहाँ तो एक ही है — गैस. सिर दुखे तो गैस, घुटना दुखे तो गैस!" अशा वातावरणात काम करावयाचे आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

मार्ग सापडला! अण्णांना शब्द उच्चारावेच लागू नयेत.

मुक्ताने फोनवर एक वैद्यकीय आकृती दाखवली. पोटावर दोन उभ्या, दोन आडव्या रेषा, नऊ चौकोन. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने काढली. वरची ओळ एक, दोन, तीन. मधली चार, पाच, सहा — पाच म्हणजे बेंबी. खालची सात, आठ, नऊ. कोणत्या चौकोनात कोणता अवयव, याचा तक्ता वेगळा केला, तो या वहीत चिकटवला आहे. एक — यकृत, पित्ताशय. तीन — प्लीहा. सात — आंत्रपुच्छ. आठ — ओटीपोट, मूत्राशय. नकाशा अण्णांच्या पलंगासमोर लावला. त्यावर फक्त आकडे आहेत. बाकी सर्व स्वयंस्पष्ट आहे.

मुक्ता म्हणाली, "पापा, सीधे पूछ लो न, दर्द कहाँ है!" बावीस वर्षांची आहे. सासरा आणि जावई यांच्यात काय असते हे तिला लखनऊमध्ये कोण शिकवणार?

अण्णांनी चष्मा लावून नकाशा पाहिला, बराच वेळ. मग चेहरा उजळला. "हे बरं केलंत. सॉर्टिंगचे खण! आमच्याकडे टपाल असंच लागायचं. सकाळी चहाला खण सांगत जाईन. चालेल?"

चालेल! पाणी आले डोळ्यांत. (पित्ताचा परिणाम असू शकेल.)

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ७.१०. अण्णा: "तीन." लगेच पोहे मागितले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अण्णा: "तीन. आणि आठ."

'आठ' म्हणताना माझ्याकडे पाहत होते. संकोच असावा. मीही मान खाली घालून लिहून घेतले. या वयात मूत्राशयाच्या तक्रारी स्वाभाविकच आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

"तीन, आठ." चार दिवसांत तीन — चार वेळा, आठ — तीन वेळा.

प्लीहेविषयी वाचन केले. रक्तातील जुन्या पेशी गाळणे हे तिचे काम. ती कशाकशाने वाढते याची यादी वाचली आणि फोन उलटा ठेवला. सुनीतीने विचारले, "तीन म्हणजे काय हो?" मी म्हणालो, किरकोळ अवयव आहे. तिने पोळी उलटली, पण माझ्याकडेच पाहत राहिली. माईंच्या वेळीही मी तिला 'किरकोळ' म्हणालो होतो.

कार्यालयात दोन तासांची बैठक. दोनदा बाहेर जाऊन आलो — हवेसाठी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुक्ताने सकाळीच चौकातून मक्खन-मलाई आणली. "आजोबा, खाके तो देखो, मुँह में रखते ही गायब!" अण्णांनी दोन कुल्हड संपवले. "वाईला असलं काही असतं तर मी बदली मागितली नसती," म्हणाले.

दीड तासाने खोलीतून हाक — "तीन! रमाकांतराव, तीन! तीन!!"

कपाळावर घाम, एक हात पाठीकडे. कळ खांद्यापर्यंत जाते असे त्यांनी प्रथमच सांगितले — म्हणजे मी विचारले आणि त्यांनी मान हलवली. सुनीती गरम पाण्याची पिशवी घेऊन धावली. तास-सव्वा तासाने कळ उतरली. मुक्ता दारात रडत उभी. "मैंने ही खिलाया..." अण्णा तिला म्हणाले, "वेडी का तू? मलई फार सुरेख होती."

प्लीहेचे आणि मलईचे काय वैर, हे कोठेही लिहिलेले आढळले नाही. टीप करून ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

थंडी वाढली. अण्णांसाठी रजई आणण्यास सुनीतीबरोबर अमीनाबादेत. चार दुकाने पाहण्याचे ठरले होते. पहिल्याच दुकानात खरेदी उरकून मी रिक्षा थांबवली. सुनीती वैतागली — "अहो, आत्ता तर आलो! हल्ली कुठे जाऊन एक तास थांबणं होत नाही तुमच्याने. चौकात यायचं सोडलंत. सिनेमाला कडेची खुर्ची. आहे काय हे?"

मी म्हणालो, गर्दी आवडत नाही.

ती म्हणाली, "अमीनाबादेत तुमची वरात काढली असती तरी तुम्ही अर्ध्यातून घरी गेला असतात!"

घरी पोचताच सरळ आत गेलो. या वहीचा विषय अण्णा आहेत, म्हणून अधिक लिहीत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

"आठ." आज फक्त आठ! तीनचा उल्लेखही नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा आठ; जोरात. उपाय केले पाहिजेत. सायंकाळी सातनंतर अण्णांचे पाणी बंद केले. मार्गिकेत रात्रभर जळणारा लहान दिवा बसवला. स्नानगृहाच्या भिंतीला धरण्यासाठी दांडी लावली. अण्णा हे सर्व पाहत होते. म्हणाले, "उत्तम. सोय झाली." मग — "कुणाची का होईना."

दिव्याचा मलाही प्रासंगिक उपयोग झाला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नकाशा आता घरभर पसरला आहे. सुनीती फोनवर बहिणीला सांगत होती, "मला नाही गं काही, काल छोले खाल्ले म्हणून जरा पाच." मुक्ता परीक्षेला जाताना म्हणाली, "पापा, टेंशन से दो नंबर में जल रहा है." भाजीवाल्या भैयाने मुळे देताना विचारले, "बाबूजी का तीन नंबर कैसा है?" त्याला कोणी सांगितले, याची चौकशी केली. कोणी कबूल होत नाही.

तरीही समाधान आहे. या घरात प्रथमच कोणाचे काय दुखते हे सर्वांना माहीत आहे.

अण्णा: "तीन. आठ." सूप निम्मे टाकले. मनगट बारीक दिसले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या जायचे. तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवला. बारा दिवस, तीन — दहा वेळा, आठ — अकरा वेळा. सुनीती देवापाशी फार वेळ बसली होती. मी दोन्ही पाने पुन्हा पडताळून पाहिली. मला तेवढेच येते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सविस्तर लिहिणे भाग आहे.

डॉ. हिमानी पस्तिशीच्या असाव्यात. मराठी कळते, उत्तर निम्मे हिंदीत. मी तक्ता सादर केला. त्यांनी तो खरोखर वाचला! "काका, इतनी बढ़िया हिस्ट्री मुझे आज तक किसी ने नहीं दी." मी सुनीतीकडे पाहिले. ती अण्णांकडे पाहत होती.

"तीन नंबर... म्हणजे स्प्लीन. आजोबा, झोपा." त्यांनी डाव्या बरगडीखाली दाबले. अण्णा निवांत. अधिक दाबले. अण्णा म्हणाले, "पंखा पुसायला झालाय." डॉक्टरांनी भुवया जवळ घेतल्या. मग हात उजव्या बरगडीखाली नेला. "अब गहरी साँस... खोल श्वास घ्या."

"आई गं!!" श्वास अर्ध्यातच तुटला.

"आजोबा, हे कितवं?"

"तीन! सांगतोय ना दोन आठवडे!"

"काका, ज़रा अपना नक्शा दिखाइए."

मी फोनवरील छायाचित्र दाखवले. त्यांनी पाहिले, अण्णांना पाहिले, आणि हसू आवरेना म्हणून खुर्चीत बसल्या. खुलासा असा: ती आकृती डॉक्टरांच्या बाजूची. डॉक्टर रुग्णासमोर उभा असतो. रुग्णाची उजवी बाजू डॉक्टरच्या डाव्या हाताला येते. म्हणून कागदावर डावीकडे यकृत. अण्णा मात्र नकाशाकडे आरशासारखे पाहत होते — उजव्या हाताचा खण तो उजवा.

"खण डाव्या हाताला असेल तर डावाच असतो," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षांत एक पत्र चुकलं नाही माझं."

नकाशावर 'उजवे' आणि 'डावे' हे दोन शब्द लिहिणे माझ्याकडून राहिले. अवयवांची नावे, ढेकरांचे प्रकार, सर्व लिहिले! बारा दिवस मी ज्या प्लीहेची काळजी वाहिली ती पूर्णपणे निर्दोष आहे. दुखत होते ते पित्ताशयाजवळ. मलई! टीप केली होती, अर्थ लावला नाही.

सोमवारी सोनोग्राफी. डॉक्टर म्हणाल्या, "बहुतेक खडे असतील. पाहिल्याशिवाय नाही सांगत." सुनीतीने विचारले, "आणि दुसरं काही?" "पाहिल्याशिवाय नाही, मावशी."

मग त्या तक्त्याच्या दुसऱ्या स्तंभाकडे वळल्या. "और ये आठ? ग्यारह बार! आजोबा, लघवीचा त्रास आहे?"

अण्णा उठून बसले. "मला? छे! माझं अगदी सुरळीत. एकदा जातो, सकाळपर्यंत निवांत."

"मग हे आठ?"

अण्णा सदऱ्याची बटणे लावू लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "काका, ये आठ किसका है?"

मी म्हणालो, नोंदीत चूक झाली असावी, उजव्या-डाव्याचाच घोटाळा.

"आठ मध्यावर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "उसमें दायाँ-बायाँ कुछ नहीं होता."

अण्णा भिंतीकडे पाहत म्हणाले, "नोंद बरोबर आहे."

गाडीने परतलो. छावणीचा रस्ता रिकामा होता, तरी घर लवकर येईना.

२३ नोव्हेंबर, रविवार

आठ या विषयावर आज काही लिहीत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सोनोग्राफी. पित्ताशयात खडे तीन. सर्वांत मोठा चौदा मिलिमीटर. यकृत, स्वादुपिंड, प्लीहा, मूत्रपिंडे, मूत्राशय, पौरुषग्रंथी — सर्व वयोमानानुसार ठीक. गाठ नाही. कोठेही नाही. मी अहवाल तीनदा वाचला, एकदा मोठ्याने. सुनीती स्वयंपाकघरात जाऊन रडली, मग तिथूनच ओरडली, "बिनतेलाची खिचडी चालेल ना हो सगळ्यांना?"

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ५ डिसेंबरला. वय पाहता काळजी घ्यावी लागेल, पण होण्यासारखी आहे. अण्णांनी विचारले, "खडे परत देतात का? वाईला दाखवायला बरे."

नकाशा काढू लागलो तर म्हणाले, "राहू द्या. काम संपलेलं नाही."

२६ नोव्हेंबर, बुधवार

अण्णा सकाळी काठी घेऊन एकटेच पोस्टात जाऊन आले. कशासाठी? "जुनी सवय," म्हणाले. दिवसभर फाटकाकडे पाहत बसले होते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारच्या टपालाने एक अंतर्देशीय पत्र आले. श्री. रमाकांत वासुदेव बेहेरे, व्यक्तिगत. अक्षर ओळखीचे. पाठवणाऱ्याच्या जागी माझ्याच घराचा पत्ता. स्नानगृहात जाऊन, दार लावून वाचले. येथे चिकटवतो.

"चि. रमाकांतराव यांस पंढरीनाथचे अनेक आशीर्वाद. समक्ष बोलवत नाही म्हणून लिहितो. माझी खोली स्नानगृहाला लागून आहे. झोप कमी आहे, कान शाबूत आहेत. ता. ११ — रात्रीतून चार वेळा. ता. १३ — पाच. ता. १७ — पाच. पैकी एकदा नळ सोडून ठेवलात, तरी कळले. ता. १८ — चार. दिवा चांगला लावलात. सुरू व्हायला वेळ लागतो, धार तुटते. शब्द तुमच्याच कागदातले आहेत, सुनीतीने वाचून दाखवला होता. रोज सकाळी तुमच्याकडे पाहून खण सांगत गेलो. तुम्ही तो माझ्या नावावर लावलात. सुनीतीची आई रात्री उठून बसायची, तेव्हा मी कूस बदलून झोपत असे. तिचे मी मोजले नाही. म्हणून तुमचे मोजले. डॉक्टर बाईंना सोमवारची वेळ मागितली आहे, मुक्ताने फोन लावून दिला. पत्र मिळाल्याचे कळवावे."

वहीच्या पहिल्या पानावर 'प्रयोजन एकच' असे लिहिले आहे. तेथे 'दोन' वाचावे.

पत्र मिळाले. त्यातील नोंदी तपासल्या. बरोबर आहेत.

रमाकांत वासुदेव बेहेरे
लखनऊ, २७ नोव्हेंबर २०२५